कुळागरातली पडझड आणि हेक्टरी हिशोब

खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांद फुटला की तो बांधायची जबाबदारी कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामाईक जमीनसंस्थेची, ही गोव्याची जुनी पद्धत. १९६४ च्या कुळकायद्यानंतर ती कुळांच्या संघांकडे गेली. पिकाच्या भरपाईचा आजचा हिशोब मात्र या परंपरेतून आलेला नाही, तो केंद्राच्या निकषांतून आला आहे. १९९० च्या सुमारास आपत्ती मदत निधी सुरू झाला, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर २०१० पासून तो राज्य आपत्ती प्रतिसाद निधी झाला. गोव्यासारख्या राज्यात त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के असतो.

२०१५ मध्ये मदतीसाठी लागणाऱ्या नुकसानीची अट ५० टक्क्यांवरून ३३ वर आली. भाताला त्याचा खरा उपयोग झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार चक्रीवादळाच्या पावसात सरद (पावसाळी) भात कापणीच्या तोंडावर आडवे झाले. अशा वेळी अख्खी शेतेच्या शेते एकदम जातात, त्यामुळे टक्केवारी काढायला अवघड नसते.

घोळ आहे तो कुळागराचा, म्हणजे मिश्र बागायतीचा. बारमाही पिकाचा दर २०१५ पासून हेक्टरी १८,००० रुपये होता, २०२२ मध्ये तो २२,५०० झाला, मर्यादा दोन हेक्टर. साडेसात मीटर अंतराने लावले तर हेक्टरात साधारण १७५ माड बसतात. म्हणजे सगळी बाग आडवी झाली तरी माडामागे सुमारे १२८ रुपये. पोफळ २.७ मीटरवर असते, हेक्टरी १,३७० च्या आसपास. तिथे झाडामागे १६ रुपये पडतात. माड धरायला पाच ते सात वर्षे लागतात, आणि १२८ रुपयांत खड्डाही मारून होत नाही. शिवाय हा हिशोब एकाच पिकाच्या बागेचा. कुळागरात माड, पोफळ, मिरी, केळ एकाच जागेत; ३३ टक्के कशाचे धरायचे, झाडांचे, क्षेत्राचे की उत्पन्नाचे?

मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळाने हाच प्रश्न उघडा पाडला. वाऱ्याची पडझड विखुरलेली असते: इथे चार माड, पलीकडे पाच. १७५ पैकी २० पडले तर ते ११ टक्केच, म्हणजे निकषाबाहेर. शेंडा पिळवटलेला माड उभा दिसतो, म्हणून पंचनाम्यात सहज सुटतो. पण माडाला वाढीचा कोंब एकच, तो मेला की झाड संपले. पोफळीचे तर आणखी उशिरा कळते. डोक्यावरचा माड गेल्याने सावली जाते, पावसाळा सरला की नैर्ऋत्येच्या उन्हाने खोड करपते, चिरते आणि पुढे वाऱ्याने मोडते, सोबत मिरीचा वेलही. तोपर्यंत पंचनाम्याची फाइल बंद झालेली असते. म्हणून पडलेली झाडे लगेच उचलू नयेत. उभ्या झाडांच्या शेंड्यांचे, खोडांचे फोटो सर्व्हे नंबरनिहाय काढावेत आणि पंचनाम्यात ‘शेंडा मोडलेले’ हा आकडा वेगळा लिहून घ्यावा.

राज्याच्या शेतकरी आधार निधीत हेक्टरी ४०,००० रुपये, चार हेक्टरांपर्यंत म्हणजे कमाल १,६०,००० मिळतात. केंद्राच्या दरापेक्षा हे बरेच बरे, पण अर्ज अडतो तो एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीवर. आजोबांच्या नावावरची जमीन, वाटणी न झालेली, सहहिस्सेदार मुंबईत किंवा परदेशी. सत्तरी तालुक्यातल्या आल्वारा जमिनींची, म्हणजे पोर्तुगीज काळात सरकारने कसायला दिलेल्या जमिनींची, कथा आणखी वेगळी. कसणाऱ्याच्या हातात कृषी खात्याचे कृषी कार्ड असले तरी बाकीच्यांच्या संमतीपत्रावाचून कागद पुढे सरकत नाही. वादळाआधीच ती संमतीपत्रे करून ठेवणारे थोडेच.

लाकडाचे तर खातेच नाही. बांधावरचा साग किंवा आकेशिया वाऱ्याने पडला तर केंद्राच्या पीक मदतीत त्याला ओळ नाही. उलट ते लाकूड बाहेर न्यायचे तर वाहतुकीच्या परवान्याचा प्रश्न येतो. माडाची कायद्यातली जागाही डळमळत राहिली: वृक्षसंरक्षण कायद्याच्या व्याख्येतून तो २०१६ मध्ये वगळला, २०१७ मध्ये परत आला. तो वाद तोडीच्या परवानगीचा होता. पडलेल्या माडाची भरपाई किती, हे त्यात कुणी विचारलेच नाही.