जीपीएल परवान्याचे सॉफ्टवेअर विकता येत नाही, हा गैरसमज

नागपुरात गांधीबाग-इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्यांसाठी साठा आणि उधारीचे सॉफ्टवेअर एकट्याने लिहून ते दुकानातल्याच सर्व्हरवर बसवून देणाऱ्याला हमखास ऐकवले जाते की, जीपीएल, म्हणजे कोड वापरण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची मुभा देणाऱ्या मुक्त परवान्याचा कोड वापरला तर पैसे घेता येत नाहीत आणि सगळा सोर्स (प्रोग्रॅमचा मूळ कोड) इंटरनेटवर टाकावा लागतो. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

2007 साली आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक प्रतीसाठी कितीही किंमत घेता येते, तसेच सपोर्ट किंवा वॉरंटी शुल्क आकारून देता येते. प्रोग्रॅमसोबतच ग्राहकाच्या हाती सोर्स दिला की बंधन पूर्ण होते. तो साऱ्या जगापुढे मांडण्याची सक्ती नाही. मात्र तो ग्राहक ती प्रत पुढे कोणालाही देऊ किंवा विकू शकतो, आणि हा हक्क त्याच्यापासून लपवणे मला सरळसरळ अप्रामाणिक वाटते. म्हणूनच खरी कमाई प्रतीवर न ठेवता एएमसीवर (वार्षिक देखभाल करारावर) ठेवावी : रोजचा बॅकअप परत उघडतो की नाही हे तपासणे, जीएसटीचा दर बदलताच बिलाचा नमुना दुरुस्त करणे, सर्व्हरची डिस्क गेल्यास सर्व नोंदी परत उभ्या करणे. या कामांची नक्कल होत नाही.

एजीपीएल या जीपीएलच्याच भावंड परवान्याचे बंधन अधिक कडक आहे, कारण त्यात बदललेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही सोर्स उपलब्ध करून द्यावा लागतो. संपूर्ण कोड स्वतःचा असेल, तर तोच बंदिस्त (सोर्स न देणाऱ्या) परवान्याखालीही विकता येतो. बाहेरच्या कोणाचा पॅच (कोडमधली दुरुस्ती) स्वीकारण्याआधी अशा विक्रीसाठी त्याची लेखी संमती घ्यावी.