पीक आलं, भाव गेला. मग सरकारनं काय करायचं?

१९३० च्या आसपास सातारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यापुढे जे संकट उभं राहिलं, ते त्याच्या ओळखीचं नव्हतं. दुष्काळ त्याला ठाऊक होता. पाऊस हुकला, कणग्या रिकाम्या राहिल्या की कुठं जगायला जायचं, कोणाच्या दारात उभं राहायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या शिकून झालेलं होतं. पण घरात धान्य आहे, गूळ आहे, शेंगा आहेत आणि तरी सारा भरायला हातात रुपया नाही, हे प्रकरण नवीन होतं. १९२९ नंतरच्या तीन-चार वर्षांत हिंदुस्थानात शेतमालाचे भाव साधारण निम्म्यावर आले. शेतसारा मात्र रोख रकमेत ठरलेला, सावकाराचं व्याजही रोखीतलं. पूर्वी दहा पोती विकून जे भागायचं, त्याला आता वीस पोती लागू लागली. आजच्या सांगली जिल्ह्यातले तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थानं वेगळी. सरकारं वेगवेगळी असली तरी पडलेला भाव कुठल्याच हद्दीपाशी थांबला नाही.

दुष्काळात माल नसतो. हे संकट महामंदीचं होतं. महामंदीत माल असतो, कामाला माणसं असतात, यंत्रंही असतात. नसतं ते गिऱ्हाईक. हा फरक ध्यानात आला नाही तर सरकारनं काय करायचं, याचं उत्तर हमखास चुकतं. इतिहासात ते बऱ्याच वेळा चुकलेलं आहे, आणि चुकवणारे काही मूर्ख नव्हते.

गिऱ्हाईक जातं कुठं? समजा, तासगावात बेदाण्याचे सौदे थंडावले. बागायतदार विचार करतो, यंदा नवी शेड नको, औषधांची उधारी आधी फेडू. त्याच्या बाजूनं बघितलं तर हे शहाणपणच आहे. पण त्यानं न केलेला खर्च म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी बुडालेलं उत्पन्न. शेडवर रॅक आणि जाळी बांधणाऱ्याचं काम गेलं, बेदाणा निवडणाऱ्या बायकांचा रोजगार गेला. त्यांनी किराण्यात हात आखडता घेतला. गावच्या दुकानदारानं सांगलीच्या गणपती पेठेतून उचल कमी केली, पेठेतल्या व्यापाऱ्यानं दोन माणसं घरी बसवली. अशी घरी बसलेली माणसं देशभर झाली की दिवाळीला बेदाणा कोण घेणार? सौदे आणखी थंडावतात. या साखळीत प्रत्येक जण काटकसरीनं वागला आणि सगळे मिळून खड्ड्यात गेले. जॉन मेनार्ड केन्स या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९३६ मध्ये हीच गोष्ट सिद्धांत म्हणून मांडली: सगळ्यांनी एकदम बचत करायला घेतली, तर एकूण उत्पन्नच इतकं घटतं की बचतही हाती लागत नाही.

अशा वेळी सरकारनं घरकर्त्या बाईसारखं अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपल्याला सहज वाटतं. फरक इतकाच, की घरानं खर्च कमी केला म्हणून घराचा पगार कमी होत नाही. सरकारनं खर्च कमी केला की ज्यांच्याकडून कर यायचा त्यांचंच उत्पन्न घटतं, आणि तूट होती तिथंच राहते.

दिल्लीच्या ब्रिटिश सरकारनं १९३१ मध्ये नेमकं तेच केलं. वसूल घटला म्हणून कर वाढवले, खर्च छाटला, नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात केली. त्यात रुपयाचा दर १९२७ पासून १ शिलिंग ६ पेन्सला बांधलेला. हा दर चढा आहे, तो उतरवा, म्हणजे बाहेर विकल्या जाणाऱ्या कापसा-शेंगांचे रुपये तरी जास्त मिळतील, असं इथले व्यापारी-उद्योजक घसा कोरडा करून सांगत होते. सरकारचं लक्ष लंडनला दरसाल पाठवायच्या रकमेवर होतं. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटननं सुवर्णमान सोडला, म्हणजे पौंडाची सोन्याशी बांधलेली किंमत सोडून दिली, तेव्हाही रुपया पौंडालाच बांधून ठेवला गेला. सोन्याचा भाव चढला आणि गावोगावची पुतळ्या-पाटल्या बाजारात आली. शेकडो कोटी रुपयांचं सोनं बोटीनं बाहेर गेलं. विटा-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी आज देशभर सोनं-चांदी गाळतात. लोक सोनं मोडायला कोणत्या काळात येतात, हे त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा जास्त कळत असणार.

एक गोष्ट मात्र त्या सरकारच्या हातून बरी झाली. १९३२ मध्ये परदेशी साखरेवर जबर आयात शुल्क लावून देशी साखरेला संरक्षण दिलं. तेव्हा देशात जेमतेम ३२ साखर कारखाने होते. चार-पाच वर्षांत ते १३० च्या पुढे गेले. बहुतेक उत्तरेकडे निघाले, आपल्याकडची सहकारी कारखानदारी पुढची. पण याच औषधाचा डोस सगळ्या जगानं एकदम घेतला तर काय होतं, तेही त्याच काळात दिसलं. अमेरिकेनं जून १९३० मध्ये हजारो वस्तूंवर आयात शुल्क वाढवलं, बाकीच्यांनी उलट शुल्क लावलं, आणि जगाचा व्यापार आणखी आटला.

अमेरिकेची कथा आपल्याला जास्त ऐकून माहीत असते, पण तिच्यातला बँकांचा भाग सांगली-साताऱ्यानं नीट वाचावा असा आहे. १९३० ते १९३३ या काळात तिथं सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. बँकेतला पैसा तिजोरीत पडून नसतो, तो कर्जाऊ दिलेला असतो. त्यामुळे सगळे ठेवीदार एकाच सकाळी रांगेत उभे राहिले तर चांगली बँकसुद्धा दुपारपर्यंत टिकत नाही. ४ मार्च १९३३ ला फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले, ६ मार्चला त्यांनी देशातल्या सगळ्या बँका बंद ठेवल्या. १२ मार्चला रात्री रेडिओवर येऊन बँक कशी चालते, हे लोकांना साध्या शब्दांत समजावलं, आणि १३ तारखेपासून तपासलेल्या बँका टप्प्याटप्प्यानं उघडल्या. लोक पुन्हा रांगेत उभे राहिले, पण या वेळी पैसे भरायला. पुढच्या १ जानेवारीपासून ठेवींना २,५०० डॉलरपर्यंत सरकारी विमा लागू झाला. विमा आहे म्हटल्यावर पळापळीचं कारणच उरत नाही. यात सरकारची तिजोरी फारशी खर्चही होत नाही. म्हणूनच मला हा सगळ्या उपायांतला सर्वांत हुशार उपाय वाटतो.

आपल्याकडे ही व्यवस्था १ जानेवारी १९६२ ला आली, केरळमधली पलाई सेंट्रल बँक १९६० मध्ये बुडाल्यावर. तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख आहे. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. पतसंस्थांना नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गल्लोगल्ली पतसंस्था आहेत आणि अर्धा-एक टक्का जादा व्याजासाठी निवृत्तीचा सगळा पैसा तिथं ठेवणारेही आहेत, म्हणून हे वाक्य पुन्हा लिहितो: पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नसतो.

बँका सावरल्या की दुसरा उपाय व्याजदराचा. कोरोनाच्या वर्षी रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ५.१५ वरून आधी ४.४० आणि मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आणला, हप्ते थांबवायला ऑगस्टअखेरपर्यंत मुभा दिली. त्यानं गळ्याशी आलेलं पाणी उतरतं, हे खरं. पण व्याज कितीही उतरवा, ज्याला समोर गिऱ्हाईकच दिसत नाही, तो कुपवाडचा कारखानदार नवं मशीन कशाला घेईल?

म्हणून शेवटी उरतो सरकारनं स्वतः खर्च करण्याचा मार्ग. सरकारनं एका मजुराला १०० रुपये मजुरी दिली. त्यानं त्यातले ८० खर्च केले, ज्याला ते मिळाले त्यानं ६४, पुढच्यानं ५१. ही बेरीज शेवटपर्यंत केली तर १०० रुपयांचे ५०० होतात. याला गुणक म्हणतात. कागदावर. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्यावर गळती असते: कोणी जुनं कर्ज फेडतो, कोणी तेलाचा डबा घेतो जो परराज्यातून आलेला असतो, मोबाइलच्या रिचार्जचे पैसे तर गावात थांबतच नाहीत. त्यामुळे खरा गुणक बराच लहान निघतो, आणि तो पैसा कोणाच्या हातात पडतो यावर ठरतो. हातावर पोट असलेल्याच्या हातात पडला तर आठवड्यात बाजारात येतो. ज्याचं सगळं भागलेलं आहे त्याला करसवलत दिली तर बहुधा खात्यात जाऊन बसतो.

रूझवेल्ट यांच्या सरकारनं लाखो लोकांना रस्ते, पूल, शाळा, झाडं लावणं अशा कामांवर घेतलं. बेकारी १९३३ मध्ये जवळजवळ २५ टक्के होती, ती उतरत गेली. मग १९३७ मध्ये संकट टळलं असं समजून खर्च कापला, केंद्रीय बँकेनंही हात आवळला, आणि पुढच्याच वर्षी बेकारी पुन्हा १९ टक्क्यांच्या आसपास गेली. पथ्य लवकर सोडल्याचं याहून स्वच्छ उदाहरण अर्थशास्त्रात क्वचितच सापडेल.

सरकारी खर्चाची खरी अडचण वेळेची असते. मंदी आली हे आकड्यांत दिसायलाच दोन तिमाह्या जातात. मग बैठका, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा. पहिला मजूर कामावर येईपर्यंत वर्ष सरतं. यावर अर्थतज्ज्ञ सांगतात तो इलाज असा: कोणी निर्णय घेण्याची गरजच पडू नये, संकट आलं की खर्च आपोआप वाढावा आणि संकट सरलं की आपोआप उतरावा, अशी यंत्रणा आधीच कायद्यात बसवून ठेवायची. जगभरच्या क्रमिक पुस्तकांत याला उदाहरण म्हणून बेकारी भत्ता देतात. माझ्या मते तासगाव तालुक्याचं नाव द्यायला हवं.

वि. स. पागे विसापूरचे, तालुका तासगाव. १९६० पासून अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही त्यांची कल्पना १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग म्हणून राबवली गेली. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला आणि राज्यभर कामं काढावी लागली. ऐन उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसं खडी फोडत, नालाबांध आणि पाझर तलाव उपसत होती. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पैशाची सोय आधीच केलेली होती. महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ना, तो व्यवसाय कर १९७५ मध्ये याच योजनेसाठी आला.

या कायद्याची रचना बघण्यासारखी आहे. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. खरा गरजू कोण, हे तलाठ्यानं ठरवायचं नाही; एवढ्याशा मजुरीवर उन्हात पाटी उचलायला जो येतो, तो ते स्वतःच ठरवतो. बाहेर बरा रोज मिळायला लागला की माणसं आपणहून कमी होतात आणि खर्च उतरतो. हजेरीपटावर मेलेल्या माणसांचे अंगठे लागले, एकच रस्ता तीनदा झाला, हेही या योजनेच्या इतिहासात आहे आणि ते झाकायचं कारण नाही. तरी मूळ यंत्र उत्तम होतं. २००५ मध्ये देशाचा कायदा झाला तो याच धर्तीवर, आणि कोरोनाच्या वर्षी त्याची परीक्षा झाली. २०२०-२१ साठी तरतूद होती ६१,५०० कोटी रुपयांची. शहरांतून परतलेल्या माणसांनी काम मागितलं आणि वर्षअखेर खर्च १ लाख ११ हजार कोटींवर गेला.

याच्या अगदी उलट चित्र मुंबईत मंत्रालयात दिसलं. त्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न जवळपास २४ टक्क्यांनी आकसलं. राज्याचा महसूल आटला, मार्चचे पगार दोन टप्प्यांत द्यावे लागले, आणि ४ मे २०२० ला राज्य सरकारनं आदेश काढला: विकासकामांवर मंजूर निधीच्या ३३ टक्केच खर्च करायचा, नवी भरती बंद. हा आदेश वाचताना १९३१ चं अंदाजपत्रक आठवल्याशिवाय राहत नाही. पण राज्याला दोष देऊन भागत नाही. राज्य नोटा छापू शकत नाही, आणि कर्ज किती काढायचं याची मर्यादा दिल्लीत ठरते; एरवी ती राज्याच्या उत्पन्नाच्या तीन टक्के असते, त्या वर्षी अटी घालून पाचपर्यंत नेली. महामंदीत खुल्या हातानं खर्च करण्याची ताकद एकट्या केंद्राकडे असते, आणि रस्त्याचं, दवाखान्याचं, शाळेचं काम मात्र असतं राज्याकडं आणि जिल्हा परिषदेकडं. ही विसंगती संकटाच्या वेळी सोडवायला घेतली तर उशीर झालेलाच असतो.

पागेंच्या यंत्राला आणखी एक मर्यादा आहे. ते दुष्काळासाठी घडवलं होतं, म्हणून ते खेड्याकडे तोंड करून उभं आहे. मिरज किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ऑर्डरी थांबल्या तर तिथल्या फिटरला सांगणार काय, पाझर तलावावर जा? कामगार राज्य विमा महामंडळाची २०१८ पासूनची एक योजना आहे; नोकरी गेलेल्या विमाधारकाला तिच्यात भत्ता मिळतो, २०२० मध्ये तो सरासरी मजुरीच्या ५० टक्के केला, जास्तीत जास्त नव्वद दिवसांसाठी. पण त्यासाठी मालकानं आधी त्याचा विमा भरलेला हवा. ठेकेदाराकडं रोजावर येणाऱ्याचं, हॉटेलात कपबशा विसळणाऱ्या पोराचं, मार्केट यार्डात पोत्यामागं मजुरी घेणाऱ्या हमालाचं नाव त्या यादीत सहसा नसतं. केरळनं २०१० पासून आणि राजस्थाननं २०२२ मध्ये शहरांसाठी रोजगार हमी सुरू केली. महाराष्ट्राच्या मूळ कायद्याचा हात ग्रामीण भाग आणि क वर्ग नगरपरिषदांपर्यंतच पोचतो. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची हद्द त्यात बसत नाही.