लग्नाला आलेली मावशीही पर्यटकच

‘नाशिकला पर्यटक कुठले, येतात ते भाविक.’ हे वाक्य आमच्याकडे वर्षानुवर्षं फिरतंय. त्यामागचा समज असा की पर्यटन म्हणजे फक्त मौजमजा.

संयुक्त राष्ट्रांची व्याख्या वेगळंच सांगते. रोजच्या वावराच्या जागेबाहेर, वर्षाहून कमी काळासाठी गेलेला माणूस पाहुणा धरला जातो. हेतू कुठलाही चालतो: देवदर्शन, उपचार, शिक्षण, व्यापार, नातेवाइकांची भेट. अट एवढीच, तिथल्या मालकाकडे नोकरी करायला आलेला नसावा. तो एक रात्र तरी राहिला की झाला पर्यटक.

आता गंमत बघा. रामकुंडावर अस्थिविसर्जनाला येऊन धर्मशाळेत मुक्काम करणारं कुटुंब पर्यटक. सातपूरच्या कारखान्यात मालाची बोलणी करायला येऊन लॉजवर उतरलेला व्यापारीही पर्यटक. पंचवटीत भाचीच्या लग्नाला येऊन दोन रात्री राहिलेली मावशी, तीसुद्धा! पण मुंबईहून सकाळी निघून वायनरीत फोटो काढून रात्री घरी परतणारा मात्र काटेकोर हिशेबात पर्यटक नाही, नुसता एका दिवसाचा पाहुणा.

शिवाय हेतू एकच असतो असंही नाही. त्र्यंबकेश्वराला आलेली माणसं परतताना पांडवलेणीही चढतात, म्हणजे सातवाहन-क्षत्रपांच्या काळातल्या बौद्ध लेण्या. कुणी वाट वाकडी करून पक्षी बघायला नांदूर मध्यमेश्वरला जातं. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. मोजणीत अशा माणसाचा मुख्य हेतू तेवढा धरतात.