फेस मिस्टची पार्श्वभूमी: पाणी जुनं, फवारा नवा

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांवर गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडायची रीत आपल्याकडे अजून टिकून आहे. त्यामुळे फेस मिस्टची, म्हणजे चेहऱ्यावर फवारायच्या पाण्याची, महागडी बाटली पाहून ‘हे तर आपलं गुलाबपाणीच की’ म्हणणाऱ्या मावश्या-आत्या अर्ध्या तरी बरोबर असतात. पाणी तेच असू शकतं. फरक इतकाच, की गुलाबदाणीतून थेंब पडतात आणि मिस्टमधून धुकं येतं. फाउंडेशनवर थेंब पडला की डाग उठतो. धुकं मात्र अलगद बसतं.

गुलाबपाणी इराणी-अरबी ऊर्ध्वपातनाच्या परंपरेतून आलं. आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या कनौजमध्ये ते देग-भपक्यावर (फुलं उकळायचा हंडा आणि वाफ गार करायचं भांडं) अजूनही काढलं जातं. नूरजहाँच्या आईने, अस्मत बेगमने, गरम गुलाबपाण्यावरचा तवंग गोळा केला आणि त्यातून गुलाबाचं अत्तर मिळालं, असं जहांगीरने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

फवाऱ्याची गोष्ट मात्र दवाखान्यातून सुरू होते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. ॲलन डिव्हिल्बिस यांनी घशात औषध फवारायला रबरी फुग्याचं उपकरण बनवलं. त्यांच्या मुलाने, थॉमसने, तीच युक्ती अत्तराच्या बाटल्यांना लावली आणि फवारा ड्रेसिंग टेबलावर आला. पुढे 1920च्या दशकात नॉर्वेच्या एरिक रोथाइम यांनी दाबाखालच्या डब्याचं, म्हणजे बोटाने दाबताच फवारणाऱ्या एरोसोल कॅनचं, पेटंट घेतलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने अशा डब्यांतून कीटकनाशक फवारलं. डासांसाठी पक्कं झालेलं हे तंत्र युद्धानंतर सौंदर्यप्रसाधनांत शिरलं, हे जरा गमतीचंच.

1962 मध्ये बाटलीबंद पाणी विकणाऱ्या फ्रान्सच्या एव्हियानने आपलं झऱ्याचं पाणी अशा डब्यात भरून चेहऱ्यासाठी विकायला काढलं. नुसतं पाणी विकायचं धाडस तिथे चाललं, कारण झऱ्याच्या पाण्याने उपचार घ्यायची फ्रेंचांची सवय जुनी होती. दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेन गावच्या झऱ्याची आख्यायिका तर एका खाजऱ्या घोड्याची आहे: त्या पाण्यात डुंबून म्हणे तो बरा झाला. तिथे 1743 मध्ये स्नानगृह उभं राहिलं. ला रोश-पोझे हेही असंच त्वचारोग्यांचं गाव. दोन्ही झऱ्यांच्या नावाने आज डबे विकले जातात.

नुसत्या पाण्याची एक अडचण आहे. ते उडून जातं आणि त्याने त्वचा ओलसर राहीलच असं नाही. म्हणून झऱ्याच्या पाण्याच्या डब्यांवर सहसा ‘फवारा, थोडं थांबा, जादा पाणी टिपून घ्या’ अशी सूचना असते. ग्लिसरीनसारखा ओलावा धरणारा घटक असेल तर गोष्ट वेगळी, आणि त्यावर क्रीम लावलं तर आणखी बरं. आपल्या घरांतलं गुलाबपाणी-ग्लिसरीनचं मिश्रण या बाबतीत नुसत्या पाण्यापेक्षा शहाणं होतं.

सेटिंग स्प्रेचं, म्हणजे मेकअप टिकवायला वरून मारायच्या फवाऱ्याचं, काम याहून निराळं. रंगमंचावर दिव्यांच्या उष्णतेत आणि घामात रंग टिकवायला त्याची गरज आधी पडली. त्यात थर धरणारी पॉलिमर असतात, बऱ्याचदा अल्कोहोलही. पाणी नि अल्कोहोल उडून गेलं की पातळ पापुद्रा उरतो आणि मेकअपला धरून ठेवतो. दुकानात मात्र ताजेपणाचं मिस्ट आणि हा स्प्रे शेजारी-शेजारी, जवळजवळ सारख्याच बाटल्यांत मांडलेले असतात. मग कोणी मिस्ट मारून लग्नाला जातं आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत मेकअप ओघळतो.

गारव्याचं गणित हवेवर ठरतं. कूलर नागपुरात चालतो नि मुंबईत चालत नाही, तसंच हे. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात चेहऱ्यावरचं पाणी झपाट्याने उडतं, म्हणून गार वाटतं. त्वचा मात्र तितकीच लवकर पुन्हा ओढल्यासारखी होते. मुंबईच्या दमट मे महिन्यात घामच वाळत नाही, तिथे मिस्ट काय उडणार!