टर्मिनलवरून ऑनलाइन व्हिडिओ पाहणे

ब्राउझर न उघडता, टर्मिनलमध्ये (अक्षरी आज्ञा देण्याच्या खिडकीत) कमांड देऊन यूट्यूबसारख्या संकेतस्थळांवरचे व्हिडिओ शोधण्याची व पाहण्याची पद्धत. नावावरून चित्रही टर्मिनलमध्येच उमटत असेल असे वाटते. सहसा तसे नसते. शोध आणि निवड अक्षरांत होते, व्हिडिओ प्लेअरच्या वेगळ्या खिडकीत चालतो.

या कामात तीन प्रोग्रॅम एकमेकांना जोडलेले असतात. शोधासाठी वायटीएफझेडएफ, पाइप-व्ह्यूअर किंवा येवट्यूब (yewtube, एमपीएस-यूट्यूबची शाखा) यांपैकी एखादा क्लायंट. पानाच्या पत्त्यावरून प्रत्यक्ष चित्रप्रवाहाचा पत्ता काढणारा वायटी-डीएलपी. आणि एमपीव्ही हा प्लेअर. वायटी-डीएलपी ही २००६ सालच्या यूट्यूब-डीएल या प्रोग्रॅमच्या वंशातली शाखा. लिंक हाताशी असेल तर क्लायंटही लागत नाही: एमपीव्ही लिहून पुढे लिंक दिली की पुरे, वायटी-डीएलपीला तो स्वतःच हाक मारतो. लिंक मात्र अवतरणचिन्हांत हवी. तिच्यात अँपरसँड (&) असला तर शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, तिथेच कमांड तोडतो, अर्धी पार्श्वभूमीत पाठवतो आणि नवशिका चक्रावतो.

यूट्यूबवर जास्त रिझोल्यूशनचे चित्र आणि आवाज वेगवेगळ्या प्रवाहांत येतात. एमपीव्ही ते चालवतानाच जुळवतो. उपलब्ध प्रकारांची यादी वायटी-डीएलपीला डॅश आणि मोठे एफ दिल्यास मिळते. उंची ७२० पर्यंतच घ्यावी अशी अट एमपीव्हीच्या सेटिंग फाइलमध्ये एकदाच लिहून ठेवणे शहाणपणाचे, नाहीतर तो मिळेल तो सर्वोत्तम प्रकार उचलतो. जुन्या यंत्रावर चित्र अडखळते ते बहुधा यामुळेच: एव्ही१ किंवा व्हीपी९ या पद्धतींनी आकुंचित केलेला व्हिडिओ उलगडण्याची सोय ग्राफिक्स चिपमध्ये नसते आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो. अशा वेळी एच.२६४ मागावा, यूट्यूब तो १०८० पर्यंत देते. चालू व्हिडिओत ‘आय’ कळ दाबली की कोडेक (आकुंचनाची पद्धत) आणि गळलेल्या फ्रेमची संख्या दिसते, त्यामुळे दोष नेटचा की यंत्राचा याचा तर्क बांधता येतो.

बाकी कळा बोटांना लवकर सरावतात. स्पेसने थांबवणे, डाव्या-उजव्या बाणांनी ५ सेकंद, खाली-वरच्या बाणांनी १ मिनिट मागेपुढे, चौकोनी कंसांनी वेग १० टक्क्यांनी कमीजास्त. शिफ्टसह क्यू दाबून बाहेर पडल्यास जागा लक्षात राहते.

बिघाड बहुतेक मधल्या दुव्यात, म्हणजे वायटी-डीएलपीत, होतो. संकेतस्थळ आपली रचना बदलत राहते. काल चालणारा वायटी-डीएलपी आज ४०३ (प्रवेश नाकारला) ही त्रुटी देतो. लिनक्स वितरणाच्या सॉफ्टवेअर-भांडारातली प्रत अनेकदा महिनोन्‌महिने जुनी असते. थेट उतरवलेली प्रत डॅश आणि मोठ्या यूने अद्ययावत होते. पिपने (पायथनचे प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनाने) घातलेली पिपनेच करावी लागते. अद्ययावत करूनही त्रुटी तशीच राहिली तर यंत्रावर दोन प्रती आहेत का ते पाहावे: एमपीव्हीला पाथमध्ये (प्रोग्रॅम शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीत) आधी जुनी सापडत असते. २०२५ च्या अखेरीपासून यूट्यूबसाठी डेनोसारखा जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅमही सोबत हवा. तो नसेल तर काही प्रकार यादीतून गायब होतात.

चित्र खरोखर टर्मिनलमध्येच हवे असेल तर एमपीव्हीचा टीसीटी हा आउटपुट वापरतात. एका अक्षराच्या जागेत वरखाली दोन रंगीत ठिपके बसतात, म्हणजे ८० स्तंभ व २४ ओळींच्या खिडकीत जेमतेम ८० गुणिले ४८ ठिपके. चेहरा ओळखू येतो, उपशीर्षक वाचता येत नाही.