आधी औषध, मग शनिवार

शनिवार-रविवारी समुद्रकिनारी जायला खोली ठरवताना आपला पहिला प्रश्न असतो, ‘खिडकीतून समुद्र दिसतो ना?’ तीनशे वर्षांपूर्वी हे कुणी विचारलं नसतं. किनाऱ्यावर राहणाऱ्याला समुद्र म्हणजे मासळी, वादळ आणि बुडालेली माणसं. तिथे मजेसाठी जायचं, ही कल्पना युरोपातल्या सुखवस्तू लोकांनाही फारशी सुचली नव्हती.

ते गेले ते औषधाला. रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टरने १७५० मध्ये लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला: गाठींच्या आजारावर समुद्राचं पाणी गुणकारी. नुसतं अंघोळीला नव्हे, प्यायलासुद्धा! तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनला जाऊन राहिला आणि रोग्यांची रीघ लागली. १७८३ मध्ये खुद्द युवराज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, तिथे आला. मग आजारी नसलेलेही हवापालटाला येऊ लागले.

तेव्हाचं स्नान बघण्यासारखं होतं. चाकांची लाकडी खोली घोडा पाण्यात ओढून न्यायचा. आत कपडे बदलायचे आणि समुद्राच्या बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरायचं, म्हणजे किनाऱ्यावरून कुणाला काही दिसायला नको. खाली उभी असलेली दणकट बाई रोग्याला धरून बुचकळून काढायची. ब्रायटनची मार्था गन याच कामामुळे प्रसिद्ध झाली. १७८९ मध्ये इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जने वेमथच्या किनाऱ्यावर डुबकी मारली, तेव्हा शेजारच्या तशाच खोलीत दडलेल्या वादकांनी राजस्तुतीची धून सुरू केली. थंड पाण्यात कुडकुडणाऱ्या राजाला ती कितपत गोड लागली असेल?

पण हा सगळा महिना-महिना मुक्काम ठोकणाऱ्यांचा कारभार. दोन दिवसांची सहल व्हायला शनिवार मोकळा हवा होता, आणि माझ्या मते या गोष्टीचा खरा नायक समुद्र नसून तोच आहे. पगार शनिवारी, रविवारी पिणं, सोमवारी दांडी, असा कारागिरांचा जुना शिरस्ता होता. त्या दांडीला ‘संत सोमवार’ असं साळसूद नावही होतं. १८५० च्या ब्रिटिश कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रियांचं आणि अल्पवयीन कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. हळूहळू इतर धंद्यांतही अर्धा शनिवार रुजला आणि सोमवारची दांडी मागे पडली.

तोवर रेल्वे आली होती. लंडन-ब्रायटन प्रवासाला घोडागाडीने पाच-सहा तास लागत. १८४१ मध्ये आगगाडीने तेच अंतर सुमारे दोन तासांवर आणलं. स्वस्त तिकिटांच्या खास गाड्या सुटू लागल्या आणि गिरणीकामगारांच्या लोंढ्यांना वैतागून खानदानी मंडळी आणखी लांबचे किनारे शोधू लागली. ‘इथली मजा गेली’ ही तक्रार तेव्हापासूनची.

‘वीकेंड’ या शब्दाचा अर्थ १८७९ मध्ये एका इंग्रजी नियतकालिकाला समजावून सांगावा लागला होता: शनिवारी दुपारी काम संपवून घर सोडायचं आणि रविवार दूरच्या मित्रांकडे काढायचा. शनिवार पूर्ण सुटायला मात्र आणखी बराच काळ गेला. हेन्री फोर्डने १९२६ मध्ये कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा आणला, तोही निव्वळ दयेपोटी नव्हे. फुरसत मिळाली की माणूस फिरेल आणि फिरायला त्याला मोटार लागेल, हा हिशेब त्याने उघडच मांडला होता.

त्या लाकडी खोल्यांचा घोडा मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सुटला. स्त्री-पुरुष एकत्र पोहू लागले, आडोसा नकोसा झाला. कित्येक खोल्यांची चाकं काढून त्या वाळूच्या कडेला बसवल्या, दाराचं तोंड समुद्राकडे करून.