ईमेल स्थलांतर
ईमेल स्थलांतर : कार्यालयातील ईमेलचे सॉफ्टवेअर बदलताना किंवा त्याची नवी आवृत्ती बसवताना जुने संदेश, त्यांना जोडलेल्या फाइली व संपर्कयादी शाबूत ठेवून नव्या ठिकाणी नेण्याची प्रक्रिया. बॅकअप हा तिचा केवळ पूर्वार्ध होय. काढलेली प्रत नव्या सॉफ्टवेअरला वाचता आली, तरच स्थलांतर झाले असे मानतात.

सोलापुरात अक्कलकोट रोड व चिंचोळी औद्योगिक वसाहतींतील टॉवेल-चादरींच्या व्यवसायात या प्रक्रियेला विशेष महत्त्व आहे. टॉवेलचा आकार, जीएसएम (दर चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन), रंगछटेची मंजुरी, लेबलवरील मजकूर हा सौद्याचा तपशील खरेदीदाराच्या ईमेलमध्येच असतो. मालाबाबत पुढे तक्रार आली, तर तोच दाखवावा लागतो.

साठवण : पीओपी३ पद्धतीत (आरएफसी या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजमालेतील क्र. १९३९, सन १९९६) संदेश सर्व्हरवरून उतरवून घेतले जातात. सर्व्हरवर प्रत ठेवण्याची सोय निवडलेली नसेल, तर एकुलती एक प्रत कार्यालयातील संगणकावर उरते. आयमॅप पद्धतीत (मार्क क्रिस्पिन, १९८६) मूळ संदेश सर्व्हरवर राहतात, त्यामुळे धोका कमी असतो. ‘डेटा डी ड्राइव्हला आहे’ या भरवशावर सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला जातो. पण आउटलुक एक्सप्रेस, थंडरबर्ड हे ईमेलचे कार्यक्रम आपली साठवण मुळात सी ड्राइव्हवरील वापरकर्त्याच्या लपलेल्या फोल्डरात करतात. म्हणून साठवणीची नेमकी जागा सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये पाहूनच नोंदवावी.

एमबॉक्स : संदेश एकाच फाइलीत एकाखाली एक जोडत जाण्याची ही मांडणी थंडरबर्डमध्ये आजही वापरली जाते. तिच्या उगमाबद्दल एकमत नाही. युनिक्स या संगणक-प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीतील (१९७१) ‘मेल’ आज्ञा संदेश एका फाइलीस जोडत असे, हे खरे. मात्र ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू होणारी विभाजक ओळ त्यानंतरची दिसते. काही जण ती पाचव्या आवृत्तीत (सु. १९७४), तर काही सहाव्या आवृत्तीत (१९७५) प्रथम आली असे मानतात. एकच एक उगम न शोधता ही मांडणी वापरातून घडत गेली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण आरएफसी ४१५५ (२००५) हा दस्तऐवजही सर्वमान्य व्याख्या नसल्याचे मान्य करतो. व्यवहारात अशी व्याख्या नसल्याचा परिणाम जाणवतो. संदेशाच्या मजकुरातील एखादी ओळ त्याच शब्दाने सुरू झाली, तर तिच्यापुढे ‘>’ चिन्ह घालून ती वेगळी ठेवावी लागते. हे चिन्ह केव्हा घालावे व वाचताना केव्हा काढावे, यावरून एमबॉक्सो, एमबॉक्सआरडी, एमबॉक्ससीएल, एमबॉक्ससीएल२ असे चार प्रकार झाले. एका प्रकाराची फाइल दुसऱ्या प्रकाराची समजून वाचल्यास एका संदेशाचे दोन होतात किंवा मजकुरात नको ते चिन्ह उरते. यामुळे स्थलांतरानंतर प्रत्येक फोल्डरातील संदेशांची संख्या जुन्याशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

पीएसटी : मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या ईमेल सॉफ्टवेअरची साठवणीची फाइल. आउटलुक २००२ पर्यंतच्या जुन्या मांडणीची मर्यादा २ जीबी होती. २००३ पासूनच्या युनिकोड (सर्व लिपींची अक्षरे सामावणाऱ्या) मांडणीत ती २० जीबी आणि २०१० पासून ५० जीबी झाली. आउटलुक चालू असताना या फाइलीची प्रत काढू नये.

संपर्क : संदेशांपेक्षा संपर्क अधिक सहज हरवतात. पत्ता टाइप करताना आपोआप पुढे येणारी नावे संपर्कयादीत असतातच असे नाही. आउटलुक २००७ पर्यंत ती एनके२ नावाच्या वेगळ्या फाइलीत राहत. वर्षानुवर्षे ज्या खरेदीदाराला रोज पत्र जाते, त्याचा पत्ता यादीत कधीच नोंदलेला नसतो, हे नव्या संगणकावर बसल्यावर कळते.

यादी नेण्यासाठी व्हीकार्ड ही संपर्क साठवण्याची मांडणी (आवृत्ती ३, १९९८; आवृत्ती ४, २०११) किंवा सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, वापरतात. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून पुन्हा साठवणे घातक आहे. सोलापूरच्या ०२१७ या एसटीडी कोडचे पहिले शून्य गळते. ९१ सह बारा आकडी मोबाइल क्रमांक घातांकाच्या रूपात दिसतो आणि तसाच साठवला गेल्यास शेवटचे आकडे कायमचे जातात. सोलापुरात मराठीसोबत तेलुगू व कन्नड बोलणारा समाज मोठा आहे. नावे त्या-त्या लिपीत नोंदलेली असतील आणि फाइल यूटीएफ-८ या सर्व लिपींना चालणाऱ्या संकेतनात साठवली नसेल, तर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे येतात. प्रश्नचिन्हांवरून मूळ नाव परत मिळवता येत नाही. अशा यादीसाठी व्हीकार्डची नवी आवृत्तीच पत्करावी. मोबाइलमधील संपर्क त्याच ईमेल खात्याशी जोडलेले असल्यास ते वेगळे न्यावे लागत नाहीत.

कायदा : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ नुसार जतन केलेल्या इलेक्ट्रॉनिक नोंदीतून तिचा उगम, गंतव्य आणि पाठवल्या वा मिळाल्याची तारीख-वेळ कळली पाहिजे. संदेश स्वतःलाच फॉरवर्ड करून जपण्याची रीत या कसोटीला उतरत नाही. तसे करताना मूळ शीर्षओळी (प्रेषक, प्राप्तकर्ता, तारीख, मार्ग यांच्या नोंदी) जातात व तारीख फॉरवर्ड केल्याची लागते. ईएमएल फाइलीत, म्हणजे एकेक संदेश स्वतंत्रपणे साठवणाऱ्या फाइलीत, त्या शीर्षओळी जशाच्या तशा राहतात.